कपांचे कान एका बाजूला

दातांच्या त्या लॅबमध्ये सगळ्यात दणकट कम्प्युटर डिझाइन करणाऱ्या मायक्रॉनच्या टेबलावर होता. डॉक्टरांकडून आलेलं जबड्याचं स्कॅन पडद्यावर गरागरा फिरवत त्यावर नव्या कॅपचा आकार बसवायचा, तर साध्या मशीनला धाप लागते. म्हणून लॅब चालवणाऱ्या मॅडमनी मनावर दगड ठेवून महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलं होतं. या कार्डावर दातांखेरीज आणखीही काही फिरू शकतं, हा शोध मात्र काकांचा. भाच्यानं त्यांना एक गेम भेट दिला होता. तो उघडला की घरचा लॅपटॉप आधी तापायचा, मग त्याचा पंखा ओरडायचा आणि शेवटी तो मान टाकायचा. काकांनी मॅडमकडे शब्द टाकला. मॅडमनी दोन अटी घातल्या: खेळायचं ते जेवणाच्या सुट्टीतच, आणि कीबोर्डवर प्लास्टरचा कणही दिसता कामा नये. दुसऱ्याच दिवशी ताईनं डब्याला गुंडाळायचं पातळ प्लास्टिक आणून कीबोर्डला अंगडं घातलं आणि तिघांचा खेळ सुरू झाला.

तिघं म्हणजे काका, ताई आणि मायक्रॉन. काका सिरॅमिकचे. कॅपवर दाताचा रंग चढवायचं आणि तो भट्टीत पक्का करायचं काम त्यांचं. समोरच्या माणसाच्या हसण्याकडे पाहून ते दाताची छटा सांगत. ताई प्लास्टरची. तोंडाच्या मापात प्लास्टर ओतून जबड्याचा नमुना काढायचा आणि त्याला ओरखडा न पडू देता सोडवायचा, हे तिचं काम. मायक्रॉन वयानं सगळ्यात लहान, शिक्षणानं फिजिक्सची पदवीधर आणि लॅबमध्ये डिझाइनवर. कॅप आणि दात यांच्यात किती फट चालते हे मायक्रॉनमध्ये मोजतात. ते मोजून मोजून तिला अशी सवय लागली होती, की डब्याचं झाकण घट्ट बसत नाही असं कुणी म्हटलं तरी ती आधी झाकण डोळ्यांसमोर आडवं धरायची. टोपणनाव ताईनं ठेवलं आणि ते इतकं चिकटलं, की कुरिअरवालाही त्याच नावानं हाक मारू लागला.

गेम पुढच्या कुठल्यातरी शतकातला होता. समुद्रात बुडालेल्या शहरावर एक मनोरा, आणि त्यात लोकांची झोप विकत घेणारी एक कंपनी. गरिबांनी झोप विकायची, श्रीमंतांनी ती बाटलीतून विकत घेऊन दुपारपर्यंत घोरायचं. आपली नायिका ही गुप्त हेर. तिच्या बहिणीची झोप कंपनीनं लुबाडलेली. ती शोधून परत आणायची. चोरपावलांनी जायचं की गोळ्या झाडत जायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. प्रत्येक मोहिमेनंतर हेराच्या अंगात एक नवी चिप बसवता येई: अदृश्य होण्याची, कुलपं उघडण्याची, ताकदीची किंवा गोड बोलून पटवण्याची. नायिकेचं नाव काय ठेवायचं यावर पहिली अख्खी सुट्टी गेली. अखेर काकांनी तिला अक्कलदाढ म्हणायचं सुचवलं, कारण ती कुणाला न कळवता उगवते आणि आली की सगळ्यांची झोप उडवते.

पाळ्या ठरल्या. एका मोहिमेला एक जण खेळणार, उरलेल्या दोघांनी जेवायचं आणि टोमणे मारायचे. आणि जो खेळेल त्यानं मिळालेली चिप आपल्या मनासारखी बसवायची, म्हणून अक्कलदाढेची पार खिचडी झाली.

मायक्रॉननं तिला अदृश्य व्हायला शिकवलं. गोळी न झाडता, कुणाला धक्का न लावता, कुणाच्या नजरेला न पडता मोहीम संपवली, तर शेवटच्या निकालाच्या पानावर एक पांढरं पाखरू उमटायचं. मायक्रॉनला ते पाखरू मिळालं की दिवसभर तिचा चेहरा नुकतीच पॉलिश केलेली कॅप असावी तसा चमकायचा.

काकांनी गोड बोलण्याची चिप घेतली. त्यांना मोहिमेची घाई नसे. मनोऱ्यातल्या सफाईवालीशी, लिफ्टमध्ये अडकलेल्या कारकुनाशी, ज्याच्या डोक्यावर बोलायची खूण दिसेल त्याच्याशी ते गप्पा मारत बसत. पहारेकऱ्यांना ते बेशुद्ध करत, पण त्यात काहीतरी सेवाभाव होता. या पहारेकऱ्यांची झोपही कंपनीनं घेतलेली असते, बिचारे वर्षानुवर्षं जागे असतात, असं कुठल्याशा पत्रकात त्यांनी वाचलं होतं. म्हणून ते पहारेकऱ्याला हळूच मागून गुंगीचं औषध देत, भिंतीला टेकवून नीट बसवत, आणि मग जवळच्या कॅन्टीनमधून एक कप उचलून त्याच्या बाजूला ठेवत. उठल्यावर काहीतरी प्यायला हवं ना, असं त्यांचं म्हणणं. कप रिकामा असतो हे मायक्रॉननं दाखवून दिलं, तर भावना भरलेली आहे म्हणाले.

आणि ताई. दिवसभर फुंकरसुद्धा जपून घालणाऱ्या ताईनं पहिल्याच पाळीला ताकदीची चिप घेतली, मनोऱ्याचं दार लाथेनं उडवलं आणि दिवाणखान्याएवढ्या त्या स्वागतकक्षात जे हललं त्यावर गोळ्या झाडल्या. एक कुंडीही सुटली नाही. काकांनी घास हातातच धरून ठेवला होता.

"दिवसभर सगळं अलगद धरते मी," ताई म्हणाली. "घरी पोरांना अलगद, इथं जबडे अलगद. हिला तरी जरा आपटू दे."

निकालाच्या पानावर अर्थातच पाखरू आलं नाही. ताईच्या कपाळावर आठीही नव्हती. मायक्रॉनच्या कपाळावर मात्र होती.

त्या लॅबचा एक जुना नियम होता. प्रत्येक काम आपापल्या रंगीत ट्रेमधून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाई. आधीच्या माणसाच्या कामात चूक दिसली, तर ती आपण दुरुस्त करायची नाही. ट्रेला लाल चिमटा लावून ज्याचं काम त्याच्याकडे परत पाठवायचं. यामागे एक किस्सा होता. एकदा एक दाढ शेजारच्या दाताला जास्त घासते असं काकांना वाटलं आणि त्यांनी चुपचाप ती बाजू खरवडली. ती घासू नये म्हणून ताईनंही आधीच चुपचाप नमुना खरवडलेला होता. दोघांच्या चांगुलपणामुळे ती कॅप रोग्याच्या तोंडात इतकी सैल बसली, की पहिल्याच घासाबरोबर त्यानं ती गिळली. तेव्हापासून मॅडम म्हणत, मदत करायची असेल तर चिमटा लावा. मायक्रॉननं कामात हा नियम कधी मोडला नव्हता.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी येई. रात्रभर चालणाऱ्या यंत्रानं कोरून ठेवलेल्या कॅप बाहेर काढून तपासायच्या असत आणि त्यानंतर थोडा वेळ मोकळा मिळे. ताईच्या त्या धुमाकुळानंतरच्या सकाळी तिनं नुसतं बघायला म्हणून गेम उघडला. निकालांच्या पानावर तिच्या मोहिमेपुढे पाखरू होतं, ताईच्या मोहिमेपुढे रिकामी चौकट. कडेला फट राहिलेली कॅप पाहिल्यावर व्हायचं तसं तिच्या बोटांना झालं. प्रत्येक मोहिमेच्या सुरुवातीची एक प्रत गेम स्वतःच जपून ठेवत असे. तिनं ताईच्या मोहिमेची प्रत उघडली, त्याच स्वागतकक्षातून मांजरीसारखी पलीकडे गेली, पाखरू मिळवलं आणि ताईच्या खेळावर आपला खेळ सेव्ह करून टाकला. चिपही ताईनं घेतली होती तीच, ताकदीची, प्रामाणिकपणे घेतली. तेवढ्यानं मनाला बरं वाटलं.

दुपारी पाखरू पाहून ताईचा घास अडकला. हे कसं झालं म्हणून तिनं विचारलं. काकांनी डोकं लढवलं: ज्यांना मारलं ते सगळे वाईट असणार, गेमनं ते मागाहून हिशेबात घेतलं असेल. मायक्रॉन डब्यात बघत राहिली. ताई गालातल्या गालात हसली आणि फोन काढून तिनं पडद्याचा फोटो घेतला. पोरांना दाखवायचा होता. आईला काही खेळता येत नाही, आईनं फक्त धडपडायचं, असं पोरं रोज चिडवत म्हणे. दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, की धाकट्यानं तो फोटो फ्रिजवर लावलाय.

खरं सांगायची वेळ कालची होती आणि ती फ्रिजवर जाऊन चिकटली होती.

इथं ती थांबायला हवी होती. पण एका मोहिमेपुढे पाखरू नसेल तर ओळीत खळगा दिसतो, आणि ताईला एकदाच पाखरू मिळालं तर संशय येईल, असा तिनं स्वतःशीच शास्त्रीय युक्तिवाद केला. काकांची कॅन्टीनची मोहीम झाली, ती तिनं दुसऱ्या दिवशी सकाळी नव्यानं खेळली. ताईची पुढची पाळी झाली, तीही. पाखरं ओळीनं बसली. कप ठेवल्याचं पुण्य म्हणून आपल्याला पाखरू मिळालं, अशी काकांनी समजूत करून घेतली. ताई मात्र आता खेळताना ताठ बसू लागली होती.

याच दिवसांत मॅडमनी मायक्रॉनला बोलावलं. नवीन स्कॅनर येणार होता. प्लास्टर, डिझाइन, सिरॅमिक ही तिन्ही टेबलं एकाच विभागात येणार होती आणि त्याला एक प्रमुख लागणार होता. मॅडमच्या मनात तिचं नाव होतं. तिचा हात नेमका आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. शंका एवढीच, की आपल्याहून मोठ्या दोघांना ती सांभाळेल का. "मी त्या दोघांना विचारणार," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारी. त्यांना नको असेल तर बाहेरून माणूस बघेन."

मायक्रॉनला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं, की त्या रात्री तिनं मनातल्या मनात तिन्ही टेबलं हलवून पाहिली आणि काकांची भट्टी खिडकीजवळ नेली.

मंगळवारी काकांची पाळी होती आणि गोष्टीनं अक्कलदाढेला परत त्याच मनोऱ्यात, त्याच कॅन्टीनच्या मजल्यावर आणलं. काका खूश झाले. जे जिथं टाकाल ते तिथंच राहतं, अशी या गेमची बढाई होती. आपले झोपलेले पहारेकरी आणि त्यांचे कप जागच्या जागी असतील, ते बघा, म्हणत त्यांनी ताईला खुर्ची जवळ घ्यायला लावली. पाण्याची बाटली भरायला म्हणून मायक्रॉन उठली आणि खुर्चीमागे उभीच राहिली.

पडद्यावर कॅन्टीनचं दार उघडलं. पहारेकरी टक्क जागे, मजल्यावर येरझारा घालत होते. भिंतीशी कुणी बसलेलं नव्हतं. कुणाच्या बाजूला कप नव्हता. काका चक्रावले. त्यांनी अक्कलदाढेला कसंबसं कॅन्टीनच्या ओट्यामागे नेलं आणि मग त्यांचा हात थांबला. मागच्या फळीवर सगळे कप होते. एका रांगेत, सारख्या अंतरावर, आणि सगळ्यांचे कान उजवीकडे.

काकांची मोहीम नव्यानं खेळली त्या सकाळी पहारेकरी पुढे जाईपर्यंत मायक्रॉन याच ओट्यामागे दबा धरून बसली होती. हात मोकळे होते. आपण कप सरळ केले हे तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

काकांनी पडद्याकडे पाहिलं. मग मान वळवून लॅबच्या बेसिनवरच्या फळीकडे पाहिलं. तिथं तिघांचे आणि मॅडमचा असे चहाचे कप होते. रोज संध्याकाळी मायक्रॉन धुऊन ठेवायची तसे, कान उजवीकडे. ताईनंही आधी इकडे पाहिलं, मग तिकडे.

"म्हणजे माझी पाखरं," ताई म्हणाली, "तीपण तुझीच?"

"हो," मायक्रॉन म्हणाली.

ताईनं डब्याचं झाकण लावलं. मग ती शांतपणे म्हणाली, की फ्रिजवरचा फोटो आता ती काढणार नाही, कारण काढला तर धाकटा का म्हणून विचारेल. आणि प्लास्टरच्या टेबलाकडे निघून गेली. काकांनी गेम बंद केला. तो बंद करताना त्यांनी सेव्ह करायचं का हे विचारणारी खिडकी नीट वाचली, आणि नको म्हटलं.

बुधवारी कुणी खेळलं नाही. ताई बोलत नव्हती असं नाही; कामाचं सगळं बोलत होती, आणि तेच वाईट होतं. तिनं पाठवलेल्या ट्रेंमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. काका मधूनमधून खाकरत आणि पुन्हा कामाला लागत. शुक्रवार आणि मॅडमचा प्रश्न समोर दिसत होता, पण मायक्रॉनला त्याची आठवण दर वेळी उशिरा होत होती. आधी आठवायचा तो फ्रिज.

गुरुवारी सकाळी ती आली तेव्हा तिच्या माउसला लाल चिमटा लावलेला होता.

ती खुर्चीत बसून चिमट्याकडे बघत राहिली. नियम साधा होता: काम ज्याचं त्याच्याकडे परत. पण तिनं ज्यावर सेव्ह केलं होतं तो ताईचा खेळ आता कुठंच नव्हता. उडवलेलं दार, फुटलेल्या कुंड्या, काहीच उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त त्या मोहिमेच्या सुरुवातीची प्रत. तिथं परत जायचं, तर त्यानंतरचं सगळं पुसावं लागणार: तिघांच्या मोहिमा, साठवलेल्या चिपा, तिची स्वतःची खरी, कष्टानं मिळवलेली पाखरंसुद्धा. तिनं एकदा पाखरांची ओळ वरपासून खालपर्यंत पाहून घेतली. मग ते न पुसता चिमटा काढला आणि दुपारची वाट पाहिली, कारण आता एकटीनं काही करायचं नव्हतं.

दुपारी तिनं दोघांना टेबलाशी बोलावलं आणि काय पुसलं जाईल, काय राहील ते सांगितलं. माफीही मागितली, ती जरा लांबली आणि तिच्यात प्रतींची तांत्रिक माहिती जास्त झाली. काकांनी विचारलं, कप परत ठेवावे लागतील का. ठेवावे लागतील, ती म्हणाली. काकांना ते शिक्षा वाटल्याचं दिसलं नाही.

"पूस," ताई म्हणाली. "उद्या माझी पाळी."

शुक्रवारी ताई हातात काहीतरी घेऊन आली. तोंडाचं माप होतं, त्यात नुकतंच ओतलेलं, अजून दह्यासारखं ओलं प्लास्टर. ते तिनं मायक्रॉनच्या दोन्ही तळव्यांवर ठेवलं. टेबल हलतं, घट्ट होईपर्यंत सपाट धर, जराही तिरकं झालं तर नमुना वाया जाईल, असं बजावलं. टेबल कधीच हलत नव्हतं. काकांनी हसू लपवायला पाण्याचा घोट घेतला.

ताई बसली, हात चोळले, आणि अक्कलदाढेनं मनोऱ्याचं दार लाथेनं उडवलं.

कुंड्या गेल्या. झुंबर गेलं. मायक्रॉन हात ओंजळीसारखे धरून बघत होती आणि प्रत्येक स्फोटाला तिचे खांदे वर जात होते. डावीकडच्या कॅमेऱ्याखालून गेलं तर कुणाला कळतसुद्धा नाही, हे तिला माहीत होतं. जिभेच्या टोकावर आलेलं ते तिनं परत गिळलं. तळव्यांत प्लास्टर घट्ट होऊ लागलं, तसं कोमट झालं, मग चांगलं गरम. पाणी धरून स्फटिक बनताना ते उष्णता सोडतं, हे तिला पुस्तकातून पाठ होतं. इतका वेळ हातात धरून मात्र ते तिनं कधी अनुभवलं नव्हतं.

ताईनं एका पहारेकऱ्यावर नेम धरला, चुकली आणि भिंतच पाडली. भिंतीमागे एक खोली निघाली. आत एक छोटा यंत्रमाळी झारीनं प्लास्टिकच्या झाडांना पाणी घालत होता. गोळीबाराकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"हे कुठनं आलं?" मायक्रॉनच्या तोंडून निघून गेलं. या कक्षातून ती बारीक नजरेनं गेली होती, कोपरे तिला पाठ होते. भिंतीत खोली आहे याचा तिला पत्ताच नव्हता.

"बघ की," ताई म्हणाली, आणि अक्कलदाढेला त्या माळ्यापुढे उभं करून दोन क्षण थांबली. काकांनी लगेच, त्याच्याशी बोलता येतं का बघ, म्हणून घाई केली. बोलता येत होतं. माळ्याला झाडं खोटी आहेत हे ठाऊक होतं. पण सवय मोडली की गंज चढतो, असं त्याचं म्हणणं पडलं.

तेवढ्यात मागून पहारेकऱ्यांची नवी फळी आली. अक्कलदाढ कोपऱ्यात सापडली, उरलेला जीव दाखवणारी लाल पट्टी झरझर उतरू लागली, ताईच्या बोटांचा गोंधळ उडाला. कीबोर्डची कड मायक्रॉनच्या कोपरापाशी होती. एक बटण, फक्त अदृश्य व्हायचं बटण दाबलं असतं तरी भागलं असतं. ती हलली नाही. ताईनं शिवी हासडली, माळ्याची झारी उचलून पहिल्या पहारेकऱ्याच्या डोक्यात घातली आणि वाट काढत, लंगडत, सगळं पेटवून जिन्यावर पोचली.

मॅडम केव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग मायक्रॉनच्या हातांकडे. एक बोट पुढे करून त्यांनी प्लास्टरला टेकवलं. त्यांची स्वतःची सुरुवात प्लास्टरच्या टेबलावरच झाली होती. नमुना केव्हाच दगडासारखा झाला होता, गरम होऊन पुन्हा निवतही आला होता. म्हणजे हात कधीचे मोकळे करता आले असते. मॅडमनी मायक्रॉनच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्यांनी दोघांना विचारायचं ते तिथंच विचारलं: विभाग हिच्याकडे दिला तर चालेल का.

काका म्हणाले, भट्टी खिडकीजवळ नेणार असेल तर त्यांची हरकत नाही. मायक्रॉननं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

ताईनं पडद्यावरची नजर हलवली नाही. निकालाचं पान येत होतं.

"चालेल," ती म्हणाली. "चिमट्यांचा डबा मात्र माझ्या टेबलावर राहील."

पान उघडलं. मेलेले, फुटलेलं, वाजलेल्या धोक्याच्या घंटा, सगळं भलंमोठं लिहून आलं होतं. पाखराची चौकट रिकामी होती. ताईनं फोन काढला, फोटो घेतला आणि धाकट्याला हाच दाखवणार म्हणाली. पहिल्याच्या शेजारी फ्रिजवर जागा आहे.

मग तिनं नमुना मायक्रॉनच्या हातातून घेतला, उजेडात फिरवून पाहिला आणि कडेची एक बारीकशी चीर दाखवली. मायक्रॉननं बेसिनकडे जाऊन हात धुतले. परत येताना फळीवरच्या एका कपाचा कान तिला डावीकडे वळलेला दिसला. कुणी केलं होतं ते कळत नव्हतं. काका भट्टीत डोकं घालून बसले होते आणि त्यांची पाठ हलत होती. तिनं कप तसाच राहू दिला. जागेवर जाऊन बसली. दोन मिनिटांनी उगाचच पाणी प्यायला उठली, आणि तरीही तसाच राहू दिला.